एका कान्याची तक्रार

"मिशी बघा मेल्याची केवढी! आणि निघताना म्हणतो काय, तर 'येते हं'. कुणाच्या घरात वाढलाय कोण जाणे."

आई हे कुणाला म्हणून बोलली नव्हती. इस्त्रीचे कपडे ठेवायला ती मागच्या खोलीत आली होती आणि मुलाच्या खुर्चीमागून वाकून कॉम्प्युटरकडे बघत होती. खोली एवढी अरुंद, की मागून कुणी जायचं म्हटलं तर खुर्चीतल्याने पोट आत घ्यायचं. त्यामुळे तिचं पुटपुटणं सरळ त्याच्या कानात पडलं.

"तुझ्याच घरात वाढलाय," दाराशी उभी असलेली थोरली म्हणाली. "दुसरं कोण ठेवून घेणार त्याला?"

म्हणाली खरी, पण मग तिनेही डोकावून बघितलं आणि बघतच राहिली. पडद्यावर, घरातच बनत असलेल्या गेममधला, एक सेनापती उभा होता. रुंद छाती, जाड भुवया, मिशी दोन्ही गाल ओलांडून कानांच्या भेटीला निघालेली. कमरेला तलवार. समोर विहिरीपाशी एक म्हातारी, आणि सेनापतीच्या पायाशी चौकटीत अक्षरं उमटत होती: 'आजी, तुम्ही काळजी करू नका. मी बघते काय ते. येते हं.'

सेनापतीला पेन ड्राइव्हवर घालून आणणारा रंगारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. "ताई," तो चाचरत म्हणाला, "हा बाप्या आहे ना?"

"मला काय विचारता? काढलाय तुम्ही."

"लिहिलाय तुम्ही."

 तेवढ्यात खुर्चीतून कसलासा आवाज आला. सगळ्यांना वाटलं, धाकट्याला ठसका लागला. आई पाणी आणायला वळलीसुद्धा. पण तो ठसका नव्हता. धाकटा हसत होता. आधी नाकातून, मग खांदे हलवत, आणि मग कपाळ टेबलाला टेकून, पोट धरून. टेबल म्हणजे आईच्या जुन्या शिलाई मशीनचा सांगाडा होता. वरचं मशीन केव्हाच गेलं होतं, पण खालचं पायडल आणि चाक शाबूत होतं. हसता हसता त्याचा पाय पायडलवर पडला आणि चाक खडखडत फिरायला लागलं.

आई पाणी न आणताच परत आली.  या घरात हसण्याचा आवाज त्या खोलीतून यायचा बंद होऊन फार काळ झाला होता.

"थांबा, आत्ता दुरुस्त करून टाकू," रंगारी ओशाळून म्हणाला. "एका कान्याचा तर प्रश्न. 'ते'ला काना दिला की 'तो'. बघते, करते, येते, आले... सगळीकडे नुसते काने द्यायचेत. पाट्यांवर मी रोज देतो."

"काना द्यायचा नाही," थोरली म्हणाली.

"अहो, पण हा सेनापती..."

"तो जसा बोलतोय तसाच बोलणार. कुणाची काही तक्रार असेल तर माझ्या खिडकीवर यायचं. रांगेत."

खिडकी तिची खरीच होती. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे ती नोकरीला लागली तेव्हा तिचे सगळे केस काळे होते. खिडकीला जाळी, जाळीला अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून दिवसभर माणसांची तोंडं. कुणाचा नळ कोरडा, कुणाच्या छतातून वरच्याचं पाणी, कुणाला शेजारणीकडे जास्त दाबाने येतं याचं दुःख. मधे तिचं लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी कुणीच तक्रार नोंदवली नाही. मग ती आईकडे, कपडे इस्त्री करणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, परत राहायला आली. दुकानातल्या वाफेने मागच्या खोलीची फरशी बारा महिने कोमट असायची. मांजर असतं तर खूश झालं असतं. होता तो धाकटा, आणि तो पलंगावर पडून असायचा.

घरात याला नाव नव्हतं. 'त्याचं जरा हे झालंय' असं आई पाहुण्यांना सांगायची, आणि त्या 'हे'मध्ये काय काय कोंबलेलं होतं ते तिचं तिला माहीत. धाकटा एका मोठ्या कंपनीत गेम बनवायचा. रंगीत खडे जुळवायचे, तीन जुळले की फुटायचे, असले. कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. पण नोकऱ्या पुष्कळांच्या जातात, ते चार दिवस चिडतात आणि दुसरी शोधतात. हा चिडला नाही. हा निजला. दाढी वाढली, जेवण कमी झालं, बोलणं 'हं'वर आलं आणि मग तेही गेलं.

आणि मग ती सकाळ आली, जिच्याबद्दल कुणी कधी बोलत नसे.

थोरली आरशासमोर केस विंचरत होती. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. धाकटा कधी उठला, कधी कपडे बदलले, कळलं नाही. बाहेरच्या दारातून त्याचा आवाज आला, अगदी साधा, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता एवढा स्वच्छ: "जातो."

या घरात 'जातो' कुणी म्हणत नाही. कुठल्याच घरात म्हणत नाहीत. कोपऱ्यावर काडेपेटी आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणून निघतो आणि साता समुद्रापार निघालेलाही 'येतो'च म्हणतो. लहानपणी चुकून 'जातो' निघालं तर आई चमचा उगारायची. जो मुलगा आयुष्यभर 'येतो' म्हणत आला, तो दारात उभा राहून 'जातो' म्हणाला, तेव्हा थोरलीच्या हातातला कंगवा केसांतच राहिला.

ती तशीच खाली धावली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. इस्त्रीवाला म्हणाला, "काय हो ताई, आग लागली का?" तिने उत्तर दिलं नाही. धाकटा पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागला होता, सावकाश, कुठे घाई नसलेल्या माणसासारखा. तिने त्याला गाठलं आणि तिला एकही शहाणपणाचं वाक्य सुचेना. शेवटी ती म्हणाली, "कंगवा अडकलाय बघ माझा. काढ रे जरा."

तो थांबला. भर रस्त्यात, लोक बघत असताना, त्याने तिच्या गुंत्यातून कंगवा सोडवला. एकेक केस मोकळा करत, न ओढता. वेळ लागला. मग दोघं घरी आले. आईने त्याच्यासमोर मटारच्या शेंगांचा ढीग ओतला आणि सोलायला बसवलं. "मला मेलीला काही ऐकूच येत नाही," ती थोरलीला म्हणाली, "नळ चालू होता ना." तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून थोरली ऑफिसातून आली की त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायची आणि दिवसभराच्या तक्रारी सांगायची. औषधगोळ्या, डॉक्टर, तेही सुरू झालं होतं. पण खोलीतली शांतता तिला सोसत नसे, म्हणून ती बोलायची. कुणाच्या टाकीत बेडूक निघाला, कोण बाई शेजारणीच्या पाण्याचा दाब मोजायला वजनकाटा घेऊन आली. एक म्हातारा रोज रांगेत उभा राहायचा आणि नंबर आला की म्हणायचा, "माझी काही तक्रार नाही. एवढं लिहून घ्या." बस्स. लिहून घेतलं की समाधानाने घरी. नवे साहेब त्याच्यावर ओरडले, तर तो म्हणाला, "तक्रार असलेल्यांचंच ऐकायचं असा नियम आहे का?"

एका संध्याकाळी धाकटा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "ताई, हा गेम आहे."

"कुठला?"

"तुझी खिडकी. रोल-प्लेइंग म्हणतात त्याला. आपण कुणीतरी व्हायचं, गावोगाव हिंडायचं. जो भेटेल तो आपलं रडगाणं सांगतो, ते निस्तरायचं. की पुढचं गाव."

"ही माझी नोकरी झाली. यात खेळ कसला?"

"लोक पैसे मोजून खेळतात."

"पैसे मोजून? मला फुकटसुद्धा कुणी दोन मिनिटं सोडवायला येत नाही!"

भिंतीकडचं तोंड जरासं इकडे वळलं. तेवढ्यावर तिने दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

असा तो खेळ सुरू झाला. ती खोलीत येरझाऱ्या घालत (म्हणजे दीड पाऊल तिकडे, दीड पाऊल इकडे) तोंडाने बोलायची आणि तो टाइप करायचा. तक्रार करणारे कसे बोलतात ते तिला तोंडपाठ होतं. ऐकणारा कसा बोलतो हे तर काय, ती स्वतःच बोलत होती: मी बघते, मी विचारते, आले हं, येते हं. ऐकणारा बाई की बुवा, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. तिला पडायचं कारण नव्हतं, आणि त्याच्या कानाला तो आवाज ताईचाच होता.

चेहरा हवा म्हणून रंगाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडे एका न्हाव्याने परत केलेली पाटी पडून होती. 'एवढी मिशी बघून गिऱ्हाईक पळेल' म्हणून न्हाव्याने नाकारलेला तो देखणा गडी, त्यालाच त्याने सेनापती करून आणलं. आणि मग आई इस्त्रीचे कपडे घेऊन आत आली, ते सगळं आधी सांगितलंच आहे.

काना न देण्याचं कारण थोरलीने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तिला म्हणावं लागलं असतं की माझा भाऊ त्या वाक्याला हसला. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, 'त्यात काय एवढं?' आणि मग ती सकाळ सांगावी लागली असती.

पायडलचा खडखडाट मात्र त्या दिवसापासून सुरू झाला तो राहिला. विचार करताना धाकटा पायडल हलवायचा. आई स्वयंपाकघरात कान तिकडे लावून काम करायची. खडखड चालू असली की गुणगुणायची, थांबली की काहीतरी निमित्त काढून डोकावून यायची. 'मीठ बघ रे जरा' असं तिने मिठाचा पत्ता नसलेल्या दुधाबद्दलही विचारलेलं आहे.

खेळात घाई करायचं बटणच ठेवायचं नाही, ही धाकट्याची कल्पना. बाकीच्या गेममध्ये समोरचा बोलत असताना बटण दाबलं की त्याचं बोलणं तुटतं आणि पुढे जाता येतं. इथे बटण दाबलं की समोरचा म्हणायचा, 'जाऊ दे', आणि घरात निघून जायचा. मग कितीही दार वाजवा. जो थांबेल, त्यालाच खरी तक्रार कळायची. विहिरीवरची म्हातारी पाण्याबद्दल बोलत राहते, बोलत राहते, आणि फार उशिरा सांगते की विहिरीत पाणी पुष्कळ आहे, पण रहाट ओढायला आता कुणी सोबत येत नाही.

तलवार म्यानातून निघायची नाही, कारण रंगाऱ्याने दोन्ही एकातच रंगवलं होतं. "निघत नाही हे बरंच आहे," थोरली म्हणाली. "आमच्या ऑफिसात फायर ब्रिगेडची कुऱ्हाड काचेत आहे, तीही अशीच. तिच्या धाकानेच सगळं चालतं."

आईने एकच अट घातली. "हा बाबा गावोगाव हिंडतो ते हिंडू दे, पण घरी कधी येतो?" सेनापतीला घर नव्हतं. ते करावं लागलं. कुठूनही, केव्हाही घरी परतता येईल असं एक दार. आत कुणीतरी विचारायचं, 'आलास का?' आणि तो मिशीवाला म्हणायचा, 'आले.' आई खेळायला बसली की दोन पावलं बाहेर जाऊन लगेच घरी परत यायची. "अगं, पुढे जा की," थोरली वैतागायची. "तो दमलाय," आई म्हणायची.

खेळाचं नाव ठेवलं 'तक्रार खिडकी'. इंटरनेटच्या बाजारात तो लावला आणि सगळे वाट बघत बसले. काहीच झालं नाही. रंगाऱ्याच्या मेहुण्याने घेतला, तो म्हणाला तलवार बिघडली आहे.

मग शिव्या आल्या. एका निवृत्त मास्तरांनी लांबलचक लिहिलं, की ज्यांना कर्ता-क्रियापद कळत नाही त्यांनी खेळ कशाला करावेत, हा भाषेचा खून आहे. थोरलीने उत्तर पाठवलं: 'आपली तक्रार मिळाली. सेनापतीला दाखवली. तो म्हणाला, बघते.' मास्तरांनी आणखी लांब लिहिलं. तिने तेच उत्तर पुन्हा पाठवलं. "माफी मागून मोकळी हो ना," आई म्हणाली. "पुढच्या वेळी नीट लिहू म्हणावं."

"मी नीटच लिहिलंय."

"मिशीला 'येते' नीट?"

"मिशीने काय घोडं मारलंय? मिशीवाल्याने बाईसारखं काळजीने विचारायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

या शिव्यांमुळेच एका मुलीचं तिकडे लक्ष गेलं. ती इंटरनेटवर गेम खेळून दाखवायची आणि टर उडवायची, हाच तिचा धंदा. सेनापती 'येते हं' म्हणाला तशी ती खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. बघणारेही खिदळत होते. मग तिला तो म्हातारा भेटला. 'माझी काही तक्रार नाही. एवढं लिहून घ्या.' तिने बटण दाबलं नाही. म्हातारा गप्प, ही गप्प. धाकट्याने त्या जागी एवढा मोठा थांबा ठेवला होता, की बघणाऱ्यांना वाटलं चित्र अडकलं. 'नेट गेलं का?' 'हलत का नाही?' मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. मग म्हातारा म्हणाला, 'तुम्ही थांबलात. बरं वाटलं.' आणि मिशी म्हणाली, 'उद्या येते.'

त्या आठवड्यात खेळ असा गाजला, की रंगाऱ्याच्या मेहुण्याने 'मी पहिल्यापासून ओळखतो त्यांना' असं सांगायला सुरुवात केली. रिक्षावाले एकमेकांना 'येते हं' म्हणायला लागले, व्यायामशाळेतले धटिंगण म्हणायला लागले. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, ज्याला आधी थोरलीशी भांडल्याशिवाय चैन पडत नसे, तो एकदा जाळीच्या भोकातून "बरं मॅडम, येते हं" म्हणाला आणि स्वतःच लाजून पळाला. रांग हसली. थोरलीने पुढच्याला विचारलं, "तुमची काय तक्रार?" आणि शिक्का उलटा मारला.

पत्रं आली. एकाने लिहिलं, मी आई आणि चार मावश्यांत वाढलो, शाळेत जाईपर्यंत 'मी खाते, मी जाते' असंच बोलायचो, पोरांनी मारून मारून 'जातो' करायला शिकवलं. तुमच्या सेनापतीला कुणी मारत नाही, बरं वाटलं. थोरलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "हापण तसाच होता," आई म्हणाली. "दिवसभर हिच्या मागेमागे. 'ताई, मी आले! ताई, मी आले!'" धाकटा लाल झाला. पायडल मात्र चालू होतं.

आणि मग दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला.

तो फार सभ्य होता. बूट दाराबाहेर काढताना त्याने ते जोडीने लावले, आईला वाकून नमस्कार केला, मागच्या खोलीत पोट आत घेऊन शिरला आणि पलंगावर टेकला. फरशी कोमट लागताच पाय किंचित वर उचलले. त्याच्या कंपनीला 'तक्रार खिडकी' सगळ्या फोनवर न्यायची होती, पुष्कळ भाषांत. आणि 'सरांना' दुसऱ्या शहरात, मुख्य ऑफिसात, स्वतःची खोली द्यायची होती. सर म्हणजे धाकटा. आईचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला.

थोरलीच्या डोळ्यांसमोर एक स्वच्छ, काचेची, गार फरशीची खोली आली. जिथे पायडल नाही. जिथे तो दारातून काय म्हणून निघाला हे ऐकायला कुणी नाही.

"फक्त किरकोळ दुरुस्त्या आहेत," माणूस म्हणाला. "घाईचं बटण लागेल. तलवार निघाली पाहिजे. आणि ते, सेनापतीचं बोलणं. गंमत म्हणून एकदा ठीक आहे, पण आता जगभर जायचंय, तर तो सेनापतीसारखा बोलला पाहिजे. एका कान्याचा तर प्रश्न."

"नाही," थोरली म्हणाली.

"मॅडम, कशाला नाही?"

"तिन्हीला."

"अगं, ऐकून तरी घे," आई म्हणाली. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का? माझ्या मुलाचं भलं होतंय ते बघवत नाही का तुला?"

ते थोरलीला लागलं. पण ती हटली नाही. "भलं करायला काना कशाला लागतो? न्यायचा तर आहे तसा न्या. नाहीतर राहू दे. तो इथेच जन्मला, इथेच लोकांचं ऐकत बसेल."

"पण कारण काय, मॅडम? मला वर सांगावं लागेल ना."

"कारण नाही. लिहा, बाई हट्टी आहे."

तो हसला. समजूतदार होता बिचारा. "सरांचं काय म्हणणं?" त्याने विचारलं. धाकटा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. पायडल सावकाश चालू होतं.  एवढी वर्षं घरातले सगळे त्याच्या वतीने बोलत आले होते, त्याची त्याला सवय झाली होती आणि त्यांनाही.

"मी दाखवतोच तुम्हाला," माणूस उत्साहाने म्हणाला आणि त्याने पिशवीतून टॅब्लेट काढला. "आमच्या लेखकांनी नमुना करून ठेवलाय. शेवटचा प्रसंग. बघितलंत की पटेल."

नमुना देखणा होता. सेनापतीची मिशी वाऱ्यावर उडत होती. गावाच्या वेशीत उभं राहून त्याने तलवार सर्रकन उपसली, ती चमकली, मागे नगारे वाजले. मग तो वळला, घराकडे पाठ केली आणि भारदस्त आवाजात एकच शब्द म्हणाला.

"जातो."

पायडल थांबलं.

आईच्या हातातला सरबताचा पेला तिरका झाला आणि थेंब थेंब पलंगपोसावर सांडत राहिला. थोरलीचा हात आपोआप केसांकडे गेला, जणू तिथे अजून काही अडकलेलं होतं.

"'येतो' जरा घरगुती वाटतं," माणूस सांगत होता. "निरोपाला 'जातो' कसं शोभतं..."  मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"बंद करा ते," थोरली म्हणाली. तिचा आवाज खिडकीवरचा राहिला नव्हता. "बंद करा आणि उचला. तुमच्या कंपनीला सांगा, हा सेनापती विकाऊ नाही. पुन्हा या घरात हा शब्द..."

"अशुभ असतो हो तो शब्द," आई घाईघाईने मधे पडली आणि पदराने पलंगपोस पुसायला लागली. "आमच्यात म्हणत नाहीत. बाकी काही नाही. दुसरं काही कारण नाही. त्याचं मधे जरा हे झालं होतं ना, तेव्हापासून हिचं आपलं उगीच... मला तर काही ऐकूसुद्धा... माझा नळ चालू होता."

खुर्चीचा आवाज झाला. त्या खोलीत खुर्ची वळवायची म्हणजे टेबल पुढे ढकलावं लागे, पाय उचलावे लागत. धाकट्याने ते सगळं केलं. तो पाहुण्याकडे वळला, मग आईकडे आणि मग थोरलीकडे. रडत नव्हता. सेनापतीच्या मिशीला ज्या दिवशी हसला होता, त्या दिवशीच्यासारखा चेहरा मोकळा होता.

"काना द्यायचा नाही, साहेब," तो म्हणाला. "तुमच्याकडेही मी येत नाही. ताई म्हणते म्हणून नाही, मीच सांगतोय. तुम्हाला वर सांगायला कारण पाहिजे ना? लिहून घ्या."

"अरे, राहू दे ना," आई पुटपुटली. "कशाला आता ते? नळ..."

"नळ बंद होता, आई. तू ऐकलंस, ताईनेही ऐकलं. मला परत यायचं नव्हतं, म्हणून मी 'जातो' म्हणालो होतो."